शेपटीतला एक ग्रॅम: प्लॅनवरून पायपर कब बांधताना आणि उडवताना

पायपर कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. या विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल प्लॅनवरून बांधायला घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एवढं एक डोक्यात ठेवावं. शेपटीत एक ग्रॅम जास्त गेला की तोल साधायला नाकात जवळपास तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं, म्हणजे एका ग्रॅमच्या निष्काळजीपणाने विमान चार ग्रॅमनी जड होतं. माझ्या पहिल्या कबच्या नाकात शेवटी ९० ग्रॅम शिसं बसलं होतं. ते उडालं, पण उतरताना वेग कमी करू देत नव्हतं. थोडा थ्रॉटल काढला की खाली बसायचं. दुसऱ्या वेळी त्याच प्लॅनवर बांधताना मी शेपटीचं प्रत्येक लाकूड तोलून घेतलं आणि शिसं १५ ग्रॅमवर आलं. दोन्ही विमानं शेजारी ठेवली तर दिसायला सारखीच. हवेत मात्र दोन वेगळे स्वभाव.

पहिलं स्केल मॉडेल म्हणून मी कबच सुचवतो, आणि त्याला कारण आहे. जे-३ कब १९३८ ते १९४७ या काळात अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन इथे तयार होत असे. पंखांचा पसारा १०.७४ मीटर, लांबी ६.८३ मीटर, इंजिन ६५ अश्वशक्तीचं. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड अशी त्याची रचना. बालसा या अगदी हलक्या लाकडाचा सांगाडा करून त्यावर प्लास्टिकची फिल्म ताणायची आपली पद्धत याच जातीची, त्यामुळे मॉडेलमधून दिसणाऱ्या रिबा, म्हणजे पंखाच्या फासळ्या, आणि पट्ट्या मूळ विमानासारख्याच शोभतात. पंख टोकाकडे निमुळता होत नाही, म्हणून सगळ्या रिबा एका मापाच्या. पंखाची खालची बाजू जवळजवळ सपाट, म्हणून तो बोर्डावर सरळ बांधता येतो. तोलाचा प्रश्न तर खऱ्या विमानातही होता: कबमध्ये दोन आसनं एकामागे एक असतात, आणि एकटा वैमानिक मागच्या आसनावर बसतो, कारण तोल तसाच साधला जातो.

या लेखात मी एक अष्टमांश प्रमाण धरलं आहे. त्याने पसारा १३४ सेंमी, लांबी ८५ सेंमी आणि पंखाची रुंदी, म्हणजे कॉर्ड, २० सेंमी येते. दुचाकीवरून नेता येईल एवढं लहान आणि वाऱ्यात टिकेल एवढं मोठं. बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅमच्या आसपास ठेवायचं. ११०० च्या वर गेलं तर कबचा संथपणा हातातून गेलाच म्हणून समजा.

प्लॅन हातात आल्यावर

प्लॅन छापून आणला की आधी पोलादी फूटपट्टी काढा. कागदावर मापाची रेघ असते, ती मोजा. प्लॉटरवर 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की छपाई दोन-तीन टक्क्यांनी लहान येते आणि डोळ्याला काहीच कळत नाही. मग कापलेल्या रिबा रेघेवर बसतात, पण बाजारातून आणलेली चाकं, मोटर, बॅटरी आत बसत नाहीत. रेघ आडवी आणि उभी दोन्ही दिशांना मोजा. रोलवरचा कागद एका दिशेने ताणला जातो.

प्रती दोन घ्या. एक बोर्डावर अंथरायला, दुसरी कापून टेम्प्लेट करायला. बऱ्याच जुन्या प्लॅनवर फक्त एकच पंख काढलेला असतो. पीडीएफ असेल तर उलटी प्रत छापून मिळते. कागदच असेल तर मागून कापसाने खोबरेल तेल चोळा. कागद पारदर्शक होतो आणि उलट्या बाजूवर दुसरा पंख बांधता येतो. यात चूक झाली तर दोन डावे पंख तयार होतात, आणि ते तुमच्या लक्षात येतं ते दोन्ही जोडायच्या दिवशी.

लाकूड कापण्याआधी एक संध्याकाळ प्लॅन नुसता वाचा. एफ-१, एफ-२ हे धडाचे आडवे फॉर्मर, डब्ल्यू-१ पासून पंखाच्या रिबा, लांब धावणाऱ्या पट्ट्या म्हणजे लाँजरॉन. पंखाखालचे तिरके आधार खरोखर भार घेणारे आहेत की नुसते दिसण्यासाठी, हे प्लॅनवर लिहिलेलं असतं. ते आधी शोधा. भार घेणारे असतील तर त्यांच्या जागी प्लायचा तुकडा आणि नट लागतो, आणि तो पंख बंद होण्याआधीच बसवावा लागतो.

लाकूड

बालसा बहुतेक सगळा इक्वेडोरमधून येतो, आपल्याकडे महाग पडतो आणि ऑनलाइन मागवला तर निवडायला मिळत नाही. म्हणून लागेल त्यापेक्षा चार पत्रे, म्हणजे पातळ फळ्या, जास्त मागवा आणि घरी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येकाचं वजन करून त्यावरच पेन्सिलीने लिहा. ३ मिमी जाड, १०० मिमी रुंद, एक मीटर लांब पत्रा ३० ग्रॅम भरला तर हलका, ४० च्या आसपास मध्यम, ५० च्या वर कठीण. एकाच गठ्ठ्यात हे तिन्ही निघतात.

वाटणी अशी: सगळ्यात हलका शेपटीला. मध्यम रिबांना. कठीण लाँजरॉनला आणि पंखाच्या स्पारला, म्हणजे पंखभर लांबीत धावणाऱ्या कण्याला. पत्र्याच्या अंगावरची नक्षीही बघा. लांब सरळ रेषांचा पत्रा रुंदीत सहज वाकतो, तो गोलाईवर गुंडाळायला चांगला. माशाच्या खवल्यांसारखे बारीक चमकते ठिपके असलेला पत्रा ताठ असतो, तो रिबांना. ठिपक्यांचा पत्रा वाकवायला गेलात तर तडकतो.

गोंद तीन लागतात. पांढरा फेविकॉल सावकाश सुकतो पण घासायला मऊ राहतो, म्हणून सांगाड्याला माझी पहिली पसंती तीच. फेविक्विकच्या जातीचा झटपट गोंद चिमटीत धरलेल्या लहान सांध्यांना, खिडकी उघडी ठेवून. फायरवॉल, म्हणजे मोटर बसते ती नाकातली फळी, आणि चाकांचा आधार यांना दोन भागांचा इपॉक्सी, दुसरं काही नाही. इपॉक्सी जड असतो, शेपटीकडे त्याचा थेंबही नको.

बोर्ड, आणि सरळपणा

विमान बोर्डाइतकंच सरळ होतं. सुताराकडून जुना, न वाकलेला फ्लश डोअर मिळाला तर त्यापेक्षा चांगलं काही नाही. त्यावर नोटीस बोर्डाला वापरतात तो सॉफ्टबोर्ड, त्यावर प्लॅन, आणि वर पातळ पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे गोंदाने कागद चिकटणार नाही. टाचण्या पट्टीतून आरपार घालू नका, दोन्ही बाजूंनी तिरक्या टेकवून पट्टी अडकवा.

शेपटीपासून सुरुवात करा. ती सपाट असते, हात बसतो आणि वजनाची शिस्त पहिल्याच दिवशी लागते. स्टॅबिलायझर (आडवी शेपटी), एलिव्हेटर (तिचा वर-खाली हलणारा भाग), फिन (उभी शेपटी), रडर (तिचा डावी-उजवीकडे हलणारा भाग) हे सगळं कव्हरिंगआधी २५ ग्रॅमच्या आत आलं तर छान. जास्त भरलं तर पुन्हा करा. दोन संध्याकाळी जातील, पण पुढे शिसं विकत घ्यावं लागणार नाही.

धडाच्या दोन्ही बाजू एकावर एक बांधायच्या, मध्ये प्लास्टिक ठेवून. शेजारी शेजारी बांधल्या तर एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच आणि शेपटीकडे जुळवताना धड केळ्यासारखं वाकतं. दोन्ही बाजू सुकल्यावर कॅबिनमधले चौकोनी फॉर्मर आधी लावा, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून. मग शेपटीकडची टोकं एकत्र ओढायची. बोर्डावर मधली रेघ काढा आणि धडाचा प्रत्येक आडवा तुकडा दोन्ही बाजूंना त्या रेघेपासून सारखाच दूर आहे ना, हे मोजत मागे जा. एका लाँजरॉनचं लाकूड दुसऱ्यापेक्षा कठीण असेल तर ते कमी वाकतं आणि धड त्या बाजूला ओढतं. म्हणून चारही पट्ट्या एकाच पत्र्यातून कापाव्यात.

फायरवॉल ३ मिमी प्लायची. मोटरचा अक्ष समोर सरळ ठेवायचा नाही: खाली साधारण ३ अंश आणि उजवीकडे २ अंश. सपाट तळाचा पंख वेग वाढला की नाक वर उचलतो, त्याला हा खालचा कोन आवरतो. प्लॅनमध्ये कोन दिलेले असतील तर तेच पाळा.

रिबा कापायला प्लायची दोन टेम्प्लेट करा, मध्ये बालसाचे वीस-पंचवीस तुकडे ठेवा, दोन बोल्टने आवळा आणि सगळा गठ्ठा एकदम घासा. स्पारच्या खाचाही एकदमच पाडा. मग खालचा स्पार बोर्डावर, त्यावर रिबा, वरचा स्पार, पुढे लीडिंग एज, मागे ट्रेलिंग एज. दोन स्पारांच्या मध्ये, रिबांच्या मधल्या जागेत बालसाचे आडोसे भरायचे, त्यांच्या रेषा उभ्या ठेवून. हे आडोसे दिसायला क्षुल्लक वाटतात, पण पंख न मोडण्याचं मुख्य कारण तेच आहेत. आडव्या रेषांनी लावले तर असून नसल्यासारखे.

आता वॉशआउट. पंखाच्या टोकाची मागची कड थोडी वर उचललेली हवी, म्हणजे वेग कमी झाल्यावर टोकाची हवा शेवटी सुटते आणि विमान एका कुशीवर कोसळत नाही. २० सेंमी कॉर्डला २ अंश म्हणजे ७ मिमी. सर्वांत बाहेरच्या रिबच्या मागच्या टोकाखाली ७ मिमीची पट्टी, मधल्या रिबेखाली साडेतीन, मुळाशी शून्य. आडोसे याच अवस्थेत चिकटवा, कारण ते बसले की पंखाचा पीळ कायम होतो. दोन्ही पंखांत पीळ सारखाच हवा. माझ्या एका मॉडेलमध्ये डाव्या पंखाला ७ आणि उजव्याला ३ मिमी आला होता. सरळ उडताना ट्रिमने, म्हणजे रिमोटवरच्या बारीक सुधारणेने, भागत होतं, पण उतरताना ते दर वेळी उजवीकडे कलंडायचं. महिनाभर मी रडरला दोष देत होतो.

दोन पंख जोडताना टोकं साधारण अडीच सेंमी वर उचला. खऱ्या कबपेक्षा हे थोडं जास्त आहे, पण मॉडेल आपोआप सरळ होतं.

कव्हरिंग

घासायला आधी १८० आणि मग ३२० नंबरचा कागद, सपाट लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेला. नुसत्या बोटांनी घासलं तर रिबांच्या मधली कड खोल जाते. मग ओलसर कापडाने धूळ पुसा. धुळीवर फिल्म धरत नाही.

इस्त्रीने चिकटणारी फिल्म वापरणार असाल तर तापमान तुकड्यावर तपासून घ्या, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. आधी कमी उष्णतेवर कडा चिकटवायच्या, मग जास्त उष्णतेवर ताण आणायचा. पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर, म्हणजे जोड वरून दिसत नाही. ताण देताना पंख वॉशआउटच्या पट्ट्यांवर धरून ठेवा, नाहीतर फिल्म आकसताना सगळी मेहनत पिळून टाकते. पीळ चुकलाच तर उलटा पिळून पुन्हा उष्णता द्या, तो सुधारतो.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करू नका. बालसा दमट हवेत फुगतो. पावसाळ्यात ताणलेली फिल्म डिसेंबरमध्ये सैल पडते. रंग अर्थातच पिवळा, धडावर काळी विजेसारखी रेघ. ती रेघ रंगाने न काढता फिल्मचीच कापा. शेपटीकडे रंगाचा थर म्हणजे पुन्हा ग्रॅम.

मोटर, सर्व्हो, सांधे

सुमारे २०० वॉटची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, ११.१ व्होल्टची २२०० एमएएच लिथियम पॉलिमर बॅटरी, १० इंची पंखा (प्रॉपेलर) आणि ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एवढ्यात कब आरामात उडतं. दोन मोटरींमध्ये निवड असेल तर २० ग्रॅम जड असलेली घ्या. तेवढं शिसं तरी वाचेल. रडर आणि एलिव्हेटरचे सर्व्हो शेपटीत बसवायचा मोह टाळा. पंखाखाली बसवून पातळ रॉडने मागे न्या.

हालचाली मागच्या कडेवर मोजायच्या: एलिव्हेटर वर-खाली १२ मिमी, रडर दोन्हीकडे २५ मिमी, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) वर १२ आणि खाली फक्त ६. एलेरॉनची ही विषम हालचाल कबला हवीच. डावीकडे वळायला एलेरॉन दिला की खाली गेलेला उजवा एलेरॉन जास्त हवा अडवतो आणि नाक आधी उजवीकडे सरकतं. खऱ्या कबचाही हाच स्वभाव, आणि म्हणूनच त्यावर शिकलेल्यांना पायांचा उपयोग नीट येतो.

सेटिंग करताना पंखा काढून ठेवा, प्रत्येक वेळी. १० इंची पंखा बोटं तोडतो. रिमोट बंद झाल्यास थ्रॉटल शून्यावर येतो ना, तेही पंखा काढलेला असतानाच तपासा. बॅटरी चार्ज होत असताना घर सोडून जाऊ नका, आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.

तोल

पंखाच्या पुढच्या कडेपासून ५६ ते ६० मिमी मागे, म्हणजे कॉर्डच्या २८ ते ३० टक्क्यांवर, पंखाखाली दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करा. बॅटरीसकट सगळं बसवून त्या खुणांवर दोन बोटांनी विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर उडवू नका. आधी बॅटरी पुढे सरकवून बघा, मग रिसिव्हर, आणि शेवटी शिसं. पुढे झुकलेलं विमान नीट चढत नाही, पण मागे झुकलेलं पहिल्याच मिनिटात जमिनीवर येतं.

आडवा तोलही बघा: नाक आणि शेपूट धरून उचला, एक पंख सतत खाली जात असेल तर दुसऱ्या टोकात दोन-तीन ग्रॅम घाला.

कुठे उडवायचं

भारतात ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. २५ किलोपर्यंतचं, फक्त शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा छंदासाठी वापरलेलं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल असेल तर टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला सरकारी मान्यता, लागत नाही. पण जागेचे नियम पाळावेच लागतात. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या हिरव्या भागात २०० फुटांपर्यंत परवानगी न घेता उडवता येतं. पुण्यात लोहगाव आहे, खडकवासल्याला एनडीए आहे. घराजवळची टेकडी मोकळी दिसते म्हणून तिथे उडवता येतंच असं नाही. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, तेही बघा.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवलं जातं. ओळखीत असा कुणी कॅडेट किंवा जुना मॉडेलर असेल तर पहिल्या दिवशी त्याला सोबत न्या. ज्याने आधी कधीच रिमोटवर विमान उडवलेलं नाही त्याने कबचं पहिलं उड्डाण स्वतः करू नये, आधी फोमच्या ट्रेनरवर हात बसवावा.

देशावर ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे दिवस उत्तम, आणि सकाळी नऊच्या आत. नंतर जमीन तापते आणि हवा उकळायला लागते. पीक काढलेलं शेत मिळालं तर शेतकऱ्याला विचारून घ्या, ढेकळं नसलेला पट्टा पायांनी चालून बघा.

पहिलं उड्डाण

आधी नुसतं जमिनीवर चालवा. कब मागच्या चाकावर बसतं, म्हणून सुरुवातीला एलिव्हेटर थोडा वर ओढून धरा. थ्रॉटल वाढला की नाक डावीकडे ओढलं जातं. उजवा रडर तयार ठेवा. हे दहा वेळा करा, हात आपोआप जाईपर्यंत.

मग वाऱ्यासमोर उभं करा. तीन-चार सेकंदांत हळूहळू थ्रॉटल वाढवत न्या. वेग आला की एलिव्हेटर सैल करा, शेपूट उचलली जाईल. विमानाला उचलू नका, ते स्वतः जमीन सोडतं. चढ उथळ ठेवा. निम्म्या-पाऊण थ्रॉटलवर ४० मीटर उंची गाठा, मगच वळा, आणि वळताना एलेरॉनबरोबर त्याच बाजूचा रडर द्या.

उंचीवर ट्रिम झाल्यावर दोन परीक्षा. पहिली: थ्रॉटल कमी करून हळूहळू एलिव्हेटर ओढत जा आणि विमान कसं सुटतं ते बघा. वॉशआउट नीट असेल तर नाक सरळ खाली पडतं. दुसरी: थ्रॉटल बंद करून तिरकं खाली सोडा आणि एलिव्हेटर मोकळा करा. आपणहून जोरात वर आलं तर नाक जड आहे, आणखी खाली तोंड घालायला लागलं तर शेपूट जड. लगेच सावरा, उतरा, बॅटरी पाच मिमी सरकवा. थ्रॉटल दिला की नाक उसळत असेल तर मात्र तोलाला हात लावू नका, मोटरचा खालचा कोन वाढवा.

कब कबसारखं दिसायचं असेल तर वेगही त्याच्या मापाचा हवा. खरं विमान ताशी १२० किलोमीटरने जातं. मॉडेलचा वेग आठाने भागून काढायचा नसतो, आठाच्या वर्गमुळाने, म्हणजे २.८३ ने भागायचं. ४२ किलोमीटर येतात. धावत्या सायकलस्वारापेक्षा थोडं पुढे. पूर्ण थ्रॉटलवर घोंघावणारं कब बघितलं की मला वाईट वाटतं.

पाच मिनिटांचा टायमर वाजला की उतरायची तयारी करा, बॅटरी संपायची वाट बघू नका. लांबून, वाऱ्यासमोर, थोडा थ्रॉटल ठेवूनच या. ९०० ग्रॅमचं कब ताशी २५-२६ किलोमीटरच्या खाली तरंगत नाही, त्यामुळे जमीन जवळ आल्यावरही वेग धरून ठेवा. एक मीटर उंचीवर थ्रॉटल सोडा आणि एलिव्हेटर हळूहळू ओढत राहा. चाकं टेकल्यावर एलिव्हेटर सोडू नका, नाहीतर नाकावर पालथं होतं.

उतरल्यावर सर्वांत आधी बॅटरी काढा, मग फायरवॉलचा सांधा आणि चाकांचा आधार बोटांनी दाबून बघा, तडा असेल तर तिथेच असतो. घरी आल्यावर प्लॅनची कापलेली प्रत काढा आणि कोपऱ्यात तारीख, वजन, तोलाची जागा, मोटरचा कोन, नाकातलं शिसं लिहून ठेवा. भारतीय फ्लाइंग क्लबांमध्ये वापरलं गेलेलं एचएएलचं पुष्पक, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, असंच वर पंखाचं आणि आखूड नाकाचं आहे. माझ्या बोर्डावर सध्या त्याची शेपटी आहे, आणि काट्यावर ती २३ ग्रॅम भरते.